कॅमेरा ‘ऑफलाइन’ दिसतोय? आधी वीज, मग वायफाय, कॅमेरा सगळ्यात शेवटी

मोबाईलवर ‘ऑफलाइन’ अशी पाटी दिसली की माणूस आधी कॅमेऱ्यावर संशय घेतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी कॅमेरे बसवतो, सांभाळतो, आणि माझा अनुभव वेगळा आहे. बंद पडला म्हणून मला दाखवतात त्यातले बहुतेक कॅमेरे ठणठणीत असतात. दोष असतो त्यांच्या मागे, म्हणजे अडॅप्टरमध्ये, वायफायमध्ये, नेटमध्ये नाही तर मेमरी कार्डात. नवीन कॅमेऱ्याचे पैसे घालवण्याआधी या क्रमाने तपासा.

हे लिहितोय ते मुख्यतः कुलूपबंद घरांच्या मालकांसाठी. बांदोडा, कवळे, प्रियोळ, मडकई, सावईवेरे या भागात वडिलोपार्जित घरं पुष्कळ आहेत, जिथलं कुटुंब मुंबईला किंवा पुण्याला असतं. घर उघडतं ते चवथीला (गणेश चतुर्थीला), जत्रेला आणि मे महिन्यात. किल्ली शेजारच्या काकींकडे. अशा घराचा कॅमेरा बंद पडला की मालकाला झोप लागत नाही, हे फोनवरच्या आवाजातूनच कळतं. पण यातलं निम्मंअधिक काम मुंबई-पुण्याला बसूनही करता येतं, काय विचारायचं ते माहीत हवं.

नेमकं काय बंद आहे?

एकच कॅमेरा गेला की सगळे? एकच गेला असेल तर दोष त्याच्या जागेवर शोधा: त्याचा अडॅप्टर, त्याची वायर, त्याच्यापर्यंत पोचणारं वायफाय. सगळे एकाच वेळी गेले असतील तर कॅमेऱ्यांकडे बघूच नका. वीज, राऊटर किंवा नेट, या तिघांपैकीच काहीतरी आहे. कुठल्या वेळी गेले तेही अ‍ॅपमधल्या शेवटच्या रेकॉर्डिंगवरून बघून ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

मग किल्लीवाल्यांना फोन करा आणि एकेकच गोष्ट विचारा. “काकी, खोलीतला पंखा फिरतो का? राऊटरवर दिवे आहेत का? त्यातला एखादा लाल आहे का? आता बलकांवात (दारापुढच्या ओसरीवर) या, कॅमेऱ्यावर बारीक दिवा दिसतो का? तो स्थिर आहे की लुकलुकतोय?” दिव्यांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे, पण एवढं सगळीकडे चालतं: राऊटरवर लाल दिवा असेल तर बाहेरून येणारं नेट तुटलंय, कॅमेऱ्यावर लुकलुकणारा दिवा असेल तर तो जिवंत आहे आणि वायफाय शोधतोय, दिवाच नसेल तर विजेपासून सुरुवात करायची. काही कॅमेऱ्यांचा दिवा सेटिंगमधून बंद केलेला असतो, तेवढं आठवून बघा.

तुमच्याकडे अँटेना असलेला रेकॉर्डर आणि त्याबरोबर आलेले तीन-चार कॅमेरे, असा संच असेल तर काकींना रेकॉर्डरला जोडलेला टीव्ही लावायला सांगा. टीव्हीवर चित्र दिसत असेल तर निर्धास्त राहा. रेकॉर्डिंग चालू आहे, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही. या संचातले कॅमेरे घरच्या राऊटरला जोडलेले नसतात, रेकॉर्डरच्या स्वतःच्या वायफायला जोडलेले असतात. त्यामुळे राऊटर बदलला तरी चित्र जात नाही. फक्त राऊटर ते रेकॉर्डर ही लॅनची वायर नीट बसली आहे का ते बघायचं.

वीज

आपल्याकडे पावसात माडाचं चुडत (झावळी) किंवा अख्खी फांदी तारेवर पडते, वीज जाते, येते, परत जाते. यातून सगळ्यात जास्त तक्रारी निघतात, आणि कारण साधं आहे. वीज आली की कॅमेरा अर्ध्या-एक मिनिटात उठतो, राऊटरला मात्र नेट धरायला त्याहून जास्त वेळ लागतो. कॅमेरा वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि काही स्वस्त मॉडेलं एवढ्यावरच अडून बसतात. उपाय असा: सगळं बंद करा. आधी राऊटर चालू करा आणि नेटचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. तीन-चार मिनिटं जाऊ द्या. मग कॅमेरे चालू करा. हे वारंवार होत असेल तर राऊटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. राऊटर बंदच पडला नाही तर पुढचा गोंधळ होत नाही.

दुसरी खूण लक्षात ठेवा, कारण ती चांगल्या चांगल्या लोकांना चकवते. कॅमेरा दिवसभर चालतो आणि काळोख पडल्यावर बंद पडतो, किंवा रात्रभर बंद-चालू होत राहतो. इथे बिघाड नव्वद टक्के विजेचाच. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. अडॅप्टर जुना, कमजोर किंवा कमी क्षमतेचा असेल तर तो ताण त्याला पेलवत नाही. ५ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअर लिहिलेल्या कॅमेऱ्याला जुन्या मोबाईलचा १ अ‍ॅम्पिअरचा चार्जर लावलेला मी नेहमी बघतो. लांब वायरीचाही हाच परिणाम. पाच-सहा मीटरची बारीक यूएसबी वायर घातली की टोकाला ५ व्होल्ट पोचतच नाहीत. बाहेर लांब टाकायचा असेल तर १२ व्होल्टचा कॅमेरा घ्या किंवा सॉकेटच कॅमेऱ्याजवळ काढून घ्या.

खात्री करायला कॅमेरा खाली काढा, राऊटरच्या शेजारी आणा आणि मूळ आखूड वायर व चांगला अडॅप्टर लावा. चालला तर कॅमेरा निर्दोष. मल्टिमीटर असेल तर कॅमेरा चालू असतानाच १२ व्होल्टच्या पिनेवर माप घ्या. नुसता मोकळा अडॅप्टर मोजून काही कळत नाही, तो बारा दाखवतोच. भार असताना ११ च्या खाली उतरला तर अडॅप्टर बदला.

जोडांकडे बघा. मिरामार, कोलवा, हरमल अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा पिनेला खातो, तांब्यावर हिरवा थर चढतो. आत फोंड्याकडे खारा वारा कमी, पण ओल काही कमी नाही. कॅमेऱ्याच्या शेपटीचा जोड नुसती टेप गुंडाळून भिंतीवर लोंबत ठेवू नका. प्लास्टिकच्या बंद डबीत घाला, डबीचं भोक खालच्या बाजूला ठेवा. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकेल, आत शिरणार नाही. आणि एक कळकळीची विनंती: भिंत ओली असताना, हात ओले असताना, शिडीवर चढून जोड उघडू नका. आधी मेन स्विच बंद. काकींना तर हे काम सांगूच नका. त्यासाठी वायरमन बोलवा.

मे अखेरीला आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की राऊटर आणि रेकॉर्डरच्या पिना काढून ठेवणं उत्तम. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण अडॅप्टरमधून आणि लॅनच्या तांब्याच्या तारेतून झटका आत येतो. बंद घरात हे शक्य नसेल तर निदान चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं साधन) हवा.

वायफाय आणि चिऱ्याची भिंत

कॅमेऱ्याच्या खोक्यावरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. आपली जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंती दीड-दोन फूट जाड. सिग्नल अशी एक भिंत कसाबसा ओलांडतो, दोन झाल्या की संपला. पावसात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. म्हणून मे महिन्यात बसवलेला कॅमेरा उत्तम चालतो आणि जुलैत अडखळू लागतो. कॅमेरा बसवायचा तर पावसातली स्थिती धरूनच जागा ठरवावी, या मताचा मी आहे.

पावसातलंच आणखी एक कारण. झड आत येऊ नये म्हणून बलकांवाला किंवा पडवीला आपण आडोसा लावतो. आडोसा ताडपत्रीचा असेल तर वायफायला अडचण नाही. पत्र्याचा असेल तर त्याच्या पलीकडचा कॅमेरा गेलाच म्हणून समजा. दर जूनमध्ये ठराविक एकच कॅमेरा बंद पडत असेल तर आधी पत्रा कुठे लावलाय ते विचारा.

सिग्नल डोळ्यांनी मोजता येतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याच्या माहितीत सिग्नलचा आकडा असतो. नसेल तर मोबाईलमध्ये वायफाय मोजणारं मोफत अ‍ॅप टाका आणि कॅमेऱ्याच्या खाली उभे राहा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत बिनघोर, उणे ७५ म्हणजे चित्र अडखळणार, उणे ८० पलीकडे भरवसा नाही. दारं-खिडक्या लावून मोजा. बंद घरात ती बंदच असणार आहेत.

आकडा वाईट असेल तर आधी राऊटर हलवा. फायबरवाला जिथे वायर आत घेतो तिथेच राऊटर ठोकून जातो, आणि बहुतेक वेळा ते घराचं एक टोक असतं. तो मध्यावर, उंचावर, लोखंडी कपाटापासून आणि टीव्हीमागून दूर आणा. घराला राजांगण (मधलं उघडं अंगण) असेल तर तुमचं नशीब चांगलं. राजांगणाच्या कडेला राऊटर ठेवला तर चारही बाजूंना मोकळ्या हवेतून सिग्नल जातो, भिंती कमी आड येतात. रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) घेतलात तर तो कॅमेऱ्याजवळ लावू नका. जिथे अजून चांगला सिग्नल मिळतो अशा मधल्या जागी लावा. वाईट सिग्नल घेणारा रिपीटर वाईटच सिग्नल पुढे देतो. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पंपाच्या खोलीपर्यंत कॅमेरा न्यायचा असेल तर मी रिपीटरच्या भरवशावर राहत नाही. बाहेर टिकणारी लॅनची वायर टाकून पलीकडे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीवरून वायफाय देणारा डबा) बसवतो. एकदाच खर्च होतो, पण चालतं. लॅनची एक वायर १०० मीटरपर्यंत चालते हे लक्षात ठेवून मोजमाप करा.

आता राऊटरच्या आतल्या सेटिंगकडे. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवे राऊटर २.४ आणि ५ अशा दोन्हींना एकच नाव देतात आणि जोडताना घोळ होतो. दोन्हींची नावं वेगळी करा आणि जोडताना मोबाईलही २.४ वरच ठेवा. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए३ असेल तर जुना कॅमेरा आत शिरत नाही, त्याच्यासाठी डब्ल्यूपीए२ ठेवा. शेजारी गेस्ट हाउस किंवा इमारत असेल आणि वायफायची गर्दी असेल तर चॅनल आपोआप न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा दिसेल तो निवडा.

राऊटर बदलल्यावर सगळे कॅमेरे गेले, ही तक्रार वरचेवर येते. यावरचा उपाय दहा मिनिटांचा आहे. नव्या राऊटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच, लहान-मोठी अक्षरंही तीच. कॅमेरे आपले आपण परत येतात. शिडी लागत नाही, रिसेट लागत नाही. म्हणून वायफायचं नाव आणि पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवलेला असावा.

आणि रिसेटबद्दल: तुम्ही दादरला बसून काकींना रिसेटचं बटण दाबायला सांगू नका. रिसेट केल्यावर कॅमेरा घरचं वायफाय विसरतो, आणि परत जोडायला अ‍ॅप असलेला मोबाईल घरात, कॅमेऱ्यासमोर लागतो. शिवाय कॅमेरा तुमच्या खात्याला बांधलेला असतो, दुसऱ्याच्या मोबाईलवर तो नव्याने जुळत नाही. आधी तुमच्या अ‍ॅपमधून काढावा लागतो. बिघाड छोटा असताना रिसेटमुळे पूर्ण दरवाजा बंद होतो. चवथीला घरी याल तेव्हा करा.

रात्रीचं धुरकट चित्र आणि नको त्या सूचना

रात्री पडद्यावर पांढरं धुकं दिसतं, दिवसा सगळं स्वच्छ. काच पुसा, जाळं काढा. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याची एक तार लेन्ससमोर आली तरी ती दिव्यात चकाकते. कॅमेरा वळचणीला फार चिकटवून बसवला असेल तर नळ्यांच्या (कौलांच्या) कडेवरून किंवा ओल्या भिंतीवरून उजेड परत येतो. एक वीत पुढे घ्या. खिडकीच्या काचेमागे ठेवलेला कॅमेरा रात्री स्वतःचाच उजेड बघतो, त्याचे इन्फ्रारेड दिवे बंद करून बाहेर साधा बल्ब लावा. किड्यांचा त्रास फारच असेल तर बाहेरही हेच करा, बल्ब कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट दूर.

दिवसाला शंभर सूचना येऊ लागल्या की माणूस सूचना बंद करून टाकतो, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखा. हलणारी चुडतं, केळीची पानं, माकडं, मांजरं ही कारणं. अ‍ॅपमध्ये फक्त फाटक आणि पायरी एवढाच भाग निवडा, झाडं वगळा, आणि ‘फक्त माणूस’ अशी सोय असेल तर ती चालू करा. बॅटरीवरचे कॅमेरे शरीराची उष्णता ओळखून जागे होतात. ते आडवं जाणारं माणूस चटकन पकडतात, सरळ समोरून येणारं उशिरा. म्हणून कॅमेरा वाटेच्या समोर न ठेवता बाजूला ठेवा.

सोलरवाल्या कॅमेऱ्यांची जुलैत उपासमार होते. मे अखेरीस बॅटरी घरात पूर्ण चार्ज करून घ्या, पॅनलवरचं शेवाळ पुसा, आंब्याच्या सावलीतून पॅनल बाहेर काढा आणि क्लिपची लांबी कमी करा. मोबाईलवरून तासन् तास थेट चित्र बघत बसू नका, बॅटरी त्यातच जाते. भर उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर मात्र उलटं होतं. ४५ अंशांच्या वर तापलेली लिथियम बॅटरी चार्ज घेणं थांबवते, तेव्हा थोडी सावली बरी.

कार्ड, वेळ, पुरावा

थेट चित्र दिसतं म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं धरू नका. कार्ड मेलेलं असतं आणि चोरी झाल्यावर कळतं. महिन्यातून एकदा चार दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग उघडून बघा. हिशेब असा: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) वेगाने सतत रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. साधारण २ एमबीपीएस धरले तर ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसही पुरत नाही, १२८ जीबीचं पाच-साडेपाच दिवस. आठवड्यानंतर मागचं शोधायला गेलात तर मिळणार नाही. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्डच घ्या, मोबाईलचं साधं कार्ड सतत लिहून लवकर झिजतं. कार्ड संगणकात नको, कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधूनच फॉरमॅट करा.

वेळही तपासा. वीज वारंवार गेली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं. जीएमटी +५:३० आणि वेळ नेटवरून आपोआप घेणं, दोन्ही चालू हवं. काही घडलंच तर चित्रावरची वेळ चुकीची असणं फार नडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ कार्ड किंवा रेकॉर्डर जसाच्या तसा जपा. कापलेली, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली क्लिप त्याची जागा घेत नाही.

नेट, मोबाईल, पासवर्ड

घरात चित्र दिसतं, मुंबईला दिसत नाही, तर नेटचा रिचार्ज संपलाय का बघा. सिमवर चालणाऱ्या राऊटरचं हे पहिलं कारण. वेग तपासताना अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नको. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस मोकळे हवेत. सूचना येत नसतील तर तुमच्या मोबाईलने बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप झोपवलेलं असतं. त्या अ‍ॅपपुरती ती मर्यादा काढा.

बसवणारा माणूस गेल्यावर पासवर्ड बदला. मी बसवला असेल तरीसुद्धा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. चवथीला पाहुणे वायफाय मागतात तेव्हा त्यांना राऊटरचं गेस्ट नेटवर्क द्या. आणि घर भरलेलं असताना आतले कॅमेरे बंद ठेवा. आपल्या माणसांवर रेकॉर्डिंग चालू ठेवू नये.

कॅमेरा खरंच गेला असेल तर

राऊटरच्या शेजारी, चांगल्या अडॅप्टरवर, आखूड वायरीवर, दिवा लागत नाही किंवा रिसेट करूनही जुळत नाही. लेन्सच्या आतून बुरशी किंवा पाण्याचे थेंब दिसतात. रात्री एकही इन्फ्रारेड दिवा लागत नाही. यांपैकी काही असेल तर दुरुस्तीत अर्थ नाही. नवा घेताना बाहेरच्यासाठी आयपी ६६ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) घ्या, आणि वायफायबरोबर लॅनचं सॉकेटही असेल असं मॉडेल बघा, म्हणजे चिऱ्याची भिंत आडवी आलीच तर वायर टाकता येते. जुना अडॅप्टर नव्याला लावू नका.